दाराआड उभी माणसं

"कापूक घाबरू नको. पण कोणाक कापतंस, ता आधी विचार."

नोकरीच्या पहिल्या दिवशी भाईंनी मला एवढंच शिकवलं आणि स्वतः मागच्या दाराने पेज जेवायला निघून गेले. समोर कुणा अनोळखी घरातलं लग्न, पडद्यावर माणसंच माणसं, आणि मी माउस धरून बसलेली. विचारू कुणाला? खुर्चीला?

आता मी पुण्यात असते. घरी बसून लोकांचे व्हिडिओ कापून देते. मिनिटभराच्या आत सगळं बसवायचं, बोलणाऱ्याला श्वास घ्यायलाही जागा ठेवायची नाही. त्यासाठी एक बटण आहे. मधली क्लिप उडवली की पुढच्या सगळ्या क्लिपा आपोआप सरकून येतात आणि मागच्यांना चिकटतात, मधे कुणी होतं याचा मागमूससुद्धा उरत नाही. हे बटण दाबताना माझं बोट अजून अडखळतं. कानाशी भाई खेकसतात, "घाई कसली गो? रवांदे जागा. कोण येता काय बघूया!"

भाई म्हणजे मालवणच्या बाजारातल्या एका व्हिडिओच्या दुकानाचे मालक. लग्न, मुंज, बारसं, दशावतार, गणपती, जे काय चित्रित होईल ते सगळं त्यांच्या मागच्या खोलीत येऊन पडायचं. मी माहेरची बांद्याची, लग्न होऊन मालवणात आले. गोव्यात व्हिडिओ एडिटिंगचा कोर्स केलेला, म्हणून कामाची चौकशी करायला गेले आणि "सर" म्हणून हाक मारली. ते दचकून मागे बघायला लागले. "सर नको म्हणू. माका वाटता गणिताचो मास्तर इलो." तेव्हापासून मीही सगळ्यांसारखी भाई म्हणायला लागले.

पन्नाशी उलटलेली, लुंगी, वर इस्त्रीचा पांढरा शर्ट. कमरेच्या वरचे भाई गिऱ्हाइकांसाठी आणि खालचे घरचे, असं मी म्हणायची. लग्न केलेलं नव्हतं. दुसऱ्यांची लग्नं जोडता जोडता याचं राहिलं, असं बाजारात सगळे म्हणत आणि भाईही हसत. घरी ते आणि त्यांची म्हातारी आये. इतकाच संसार.

त्यांची कामाची रीत म्हणजे आमच्यासारख्यांचा जीव घ्यायची. आलेलं चित्रण आधी अथपासून इतिपर्यंत बघायचं, माउसला हात न लावता. चहात पाव बुडवत, मधेच "अरे वा!" नाहीतर "शिरा पडो!" म्हणत. मग पडद्यावरचं जे माणूस ओळखू येत नसेल त्याच्यासाठी गिऱ्हाइकाला फोन. "तुमच्या मांडवात एक निळ्या शर्टाचो, टक्कल पडलेलो माणूस रडत होतो, तो कोण?" गिऱ्हाईक बिचारं बुचकळ्यात पडायचं. एकदा एकाने वैतागून सांगितलं, "अहो, तो शेजारी. तेका काढून टाका." भाई म्हणाले, "शेजारी कित्याक रडता?" तेव्हा कळलं की नवरीचे वडील बोटीवर असायचे आणि लहानपणी तिला तापात दवाखान्यात न्यायचं काम या शेजाऱ्याकडे होतं. भाईंनी तो निळा शर्ट व्हिडिओत असा काय लांबवला, की नवऱ्याकडच्यांना वाटलं नवरीचा मामाच तो.

पडद्यावरच्या माणसांना ते नात्याने हाक मारायचे. "ह्या आत्येक वायच मागे घे. मामाक पुढे हाड. थंय वयनी उगाच लांबली, तिका थोडी आखूड कर." बाहेर फोटो काढायला आलेल्यांना वाटायचं, आत दहाबारा पाहुणे उतरलेत.

हे सगळं ते जुन्या काळात शिकलेले. तेव्हा कॅसेटी होत्या. एका यंत्रावरून दुसऱ्यावर उतरवत जायचं. मधेच चूक सापडली की पुढचं सगळं नव्याने. त्यामुळे संगणक आला तेव्हा भाईंना त्याचं सगळ्यात जास्त कौतुक कशाचं वाटलं असेल, तर क्लिपची कड ओढण्याचं. कड आत ओढली की क्लिप आखूड होते, बाहेर ओढली की कापलेलं परत येतं. हे मला पाठ होतं. तरी ते मला दहादा दाखवायचे. एखाद्या काकांना कड ओढून घालवायचे, पुन्हा ओढून आणायचे. "बघितलंस? गेलो नाय तो. दाराआड उभो आसा. हाक मारलंस की येतलो." आणि लहान पोरासारखे हसायचे. मला मनात वाटायचं, भाई, आज संध्याकाळपर्यंत बारसं द्यायचंय हो, काकांना राहू द्या ना दाराआड.

पण आमच्याकडची माणसं नुसतं आखूड करण्यावर थोडीच थांबतात! लग्नात ज्याच्या गळ्यात गळा घालून नाचले, त्याच्याशी वर्षाच्या आत गडग्यावरून वाजतं. गडगा म्हणजे चिऱ्यांची कुंपणाची भिंत. ती वीतभर अलीकडे की पलीकडे, यावर दोन पिढ्या कोर्टात जातात. असेच एक गृहस्थ मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ घेऊन आले. चुलतभावाशी बिनसलं होतं, त्याला सगळीकडून काढा म्हणाले. हा चुलतभाऊ म्हणजे अंतरपाट धरलेला, पंगतीत वाढणारा, नवरीची पेटी उचलणारा. जिथे लग्न तिथे तो.

भाई म्हणाले, "करतंय. वायच बसा." आणि त्यांना शेजारी बसवून कामाला लागले. माणूस कापला, पण पुढच्या क्लिपा सरकवल्या नाहीत. जागा तशीच सोडली. व्हिडिओ चालू केला. मंगलाष्टकं चालू, मधेच पडदा काळा. पंगत बसली, काळा. पाठवणी, पुन्हा काळा.

"ह्या काळा काय?" गृहस्थ म्हणाले.

"थंय तुमचो भाव होतो."

"ती जागा बुजवा मगे!"

"ती माझ्याच्यान बुजूची नाय. माणूस काढूक सांगलास, काढलंय. तो नसल्याचा दिसाक नको, ह्या कसा चलात?"

तुम्हाला वाटेल, त्या गृहस्थाच्या डोळ्यांत पाणी आलं. कसलं हो! भाईंना चार शिव्या घालून ते कुडाळला दुसऱ्याकडे गेले. तिथे त्यांचं काम झटपट झालं असणार. गडगाही अजून तिथेच आहे म्हणतात.

माझ्यावर भाई कधी चिडले नाहीत. एकदाच. एका घरच्या गणपतीचं गाऱ्हाणं माझ्याकडे आलं होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे घरातला किंवा वाडीतला जाणता माणूस देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो. लेकराबाळांना सुखी ठेव, मुंबईला गेलेल्यांची राखण कर, कुणाचं चुकलं-माकलं असेल ते पोटात घाल. प्रत्येक मागण्याला मागे उभे असलेले सगळे एका आवाजात म्हणतात, "व्हय महाराजा!" तर त्या चित्रणात कुकरच्या शिट्ट्या, पोरांचा दंगा, कुणाचा तरी फोन. एकच "व्हय महाराजा" स्वच्छ ऐकू येत होतं. मी काय केलं, ते एकच उचललं आणि सगळ्या मागण्यांपुढे चिकटवलं. मला वाटलं, काय हुशार आहे मी!

भाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि ताडकन उठले. "ह्या एकाच खेपेचा व्हय तू सगळीकडे लावलंस?"

"स्वच्छ आहे ना, म्हणून."

"देव काय बहिरो आसा? माणसांनी परत्येक मागण्याक येगळा व्हय म्हटल्यानी. लेकरांसाठी म्हटलेला तू चुकलेल्या माणसाक लावलंस. गाऱ्हाण्यातलो आवाज देवाक दिलेलो आसता गो. तो कापणारी तू कोण? मी कोण?"

मी खुर्ची पुढे ओढली. आणि रागाने सगळं पुन्हा केलं, कुकरच्या शिट्ट्यांसकट. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, येडो माणूस आहे, सोडते ही नोकरी. सोडली मात्र नाही. का, ते तेव्हा कळलं नव्हतं.

भाईंच्या आयेला मी तोवर एकदोनदाच बघितलं होतं. डोळ्यांनी अधू झालेली, जवळ आणलेलं तेवढं ओळखायची. पण तिला रोज दुपारी टीव्हीवर घरच्या गणपतीचा व्हिडिओ लागायचा. तोच एक, काही वर्षांपूर्वीचा. मग एकदा टीव्ही बदलला आणि नव्यावर ती फाईल चालेना. आये जेवेना. भाई मला म्हणाले, "जुना काम उघड आणि परत काढून दी. बाकी कायच करू नको. हात लावू नको." एवढं सांगून बाहेर पासपोर्ट फोटो काढायला गेले.

मी उघडलं. बघते तर गाऱ्हाणं चाललंय आणि पडद्यावर सारखी माटवी. माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट, तिला काकड्या, नारळ, रानफुलं, आंब्याच्या डहाळ्या बांधतात. छान दिसते, मान्य. पण किती? दर दोन वाक्यांनी माटवी. जिथे मागे उभी असलेली माणसं दिसायला लागणार, तिथे धपकन काकडी. भाईंसारखा माणूस माणसं सोडून काकड्या दाखवेल?

हात लावू नको म्हटल्यावर मी हात लावणार नाही असं कसं होईल! माटवीची क्लिप बाजूला सारली आणि तिच्याखाली आखूड झालेल्या क्लिपची कड बाहेर ओढली.

मागच्या रांगेत दारापाशी एक माणूस उभा होता. भाईंचंच नाक, भाईंचंच कपाळ, फक्त वय कमी आणि तोंडभर हसू. भाईंना धाकटा भाऊ आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. नवऱ्याला फोन करून विचारलं तेव्हा कळलं. मुंबईला असतो, समुद्राकडची आपल्या वाट्याची माडांची जागा त्याने भावाला न विचारता हॉटेलवाल्याला विकली, आणि त्यानंतर भाईंनी त्याला उंबऱ्यात पाय ठेवायला मनाई केली. आये मधे पडली तर भाई जेवणावरून उठायचे. म्हणून ती मधे पडायची बंद झाली. मालवणातल्या सगळ्यांना माहीत होतं, मीच एक बांद्याची.

मला राग आला, खोटं कशाला सांगू. दुसऱ्याच्या चुलतभावाची जागा काळी ठेवता आणि आपल्या सख्ख्या भावाला काकड्यांआड झाकता? तरी सगळं होतं तसं परत ठेवून सांगितल्याप्रमाणे फाईल काढली आणि संध्याकाळी टीव्हीला लावून द्यायला भाईंबरोबर त्यांच्या घरी गेले.

आये टीव्हीपुढे पाटावर बसली. व्हिडिओ लागला आणि तिने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोप आली. गाऱ्हाणं सुरू झालं. सगळे म्हणाले, "व्हय महाराजा!" आणि ते थांबल्यावर मागून एकटाच एक आवाज आला, उशिरा, घाईघाईने, "व्हय महाराजा!"

"इलो बघ," आये म्हणाली. "सगळ्यांच्या मागसून. लहानपणापास्ना तसोच."

पुढच्या मागण्याला पुन्हा तसंच. सगळ्यांचं झाल्यावर तो एकटा. आणि दरवेळी आयेच्या चेहऱ्यावर हसू. पडद्यावर माटवी होती, पण पडदा बघतंय कोण? ती रोज दुपारी देवाला नाही, लेकाला ऐकत होती. चित्र कापणाऱ्याने आवाज कापला नव्हता. कापूच शकला नव्हता.

भाई स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांनाही हे आजच कळलं, का रोज कळत होतं आणि ते रोज बाजारात पळून जात होते, मला सांगता येणार नाही. आयेने डोळे न उघडताच हाक मारली, "रे, ह्या चवथीक तरी येतलो मा तो? पुढल्या चवथीक मी आसतलंय काय नाय, कोणाक ठावक." भाई दारातून वळले. माझ्यासाठी चहा टाकायला आत गेले आणि चहात साखर घालायची विसरले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या म्हणाले, "ती फाईल उघड. ऊठ, माका बसांदे."

मी उठले. त्यांनी एकेक माटवी बाजूला केली आणि एकेका क्लिपची कड धरून बाहेर ओढत गेले. दरवेळी दारापाशी तो उभा. टाळ्या वाजवताना, कुणाचं पोर खांद्यावर घेतलेला, प्रसाद तोंडात कोंबलेला. शेवटच्या क्लिपची कड ते ओढतच गेले, गाऱ्हाणं संपलं, माणसं पांगली, तरी ओढतच गेले. शेवटी तो भाऊ सरळ कॅमेऱ्यात बघून म्हणाला, "दादा, ठेव रे तो कॅमेरो. ये हंय. गाऱ्हाण्यात तुझो आवाजच नसता."

आणि कॅमेऱ्यामागून भाईंचा आवाज, "मी बोललंय तर माईकात माझोच आवाज येतलो, बाकीच्यांचो बुडात. तू म्हण माझ्या वाटचो."

तिथे क्लिप संपली. त्यापुढे ओढायला काही नव्हतं. भाईंनी दोनतीनदा ओढून बघितलं.

"भाई, फोन लावा त्यांना," मी म्हटलं. न राहवून म्हटलं.

"काय बोलू?"

इतकी वर्षं इतक्या घरांची बोलणी जुळवून बसवणारा माणूस मला विचारत होता, काय बोलू! मी म्हटलं, बोलू नका, हेच पाठवा. त्यांनी ती शेवटची क्लिप, न कापता, भावाला व्हॉट्सॲपवर पाठवली. खाली एक अक्षर लिहिलं नाही. नंबर बदललेला नव्हता आणि पुसलेलाही नव्हता.

मग वाट बघणं. भाईंनी काम सोडलं नाही, पण मोबाईल वाजला की आत्या लांबायची, मामा आखूड व्हायचा. दिवस गेले, उत्तर नाही. मी मनातल्या मनात त्या धाकट्याला बांद्याच्या अस्सल शिव्या दिल्या. मग एके दिवशी दुपारी आवाजाचा निरोप आला. भाईंनी तो माझ्यासमोरच लावला. आधी रस्त्यावरच्या गाड्यांचा गोंगाट, मग कुणीतरी घसा खाकरला आणि दोनच शब्द.

"व्हय महाराजा."

"उशिरा," भाई म्हणाले. "मेलो नेहमी उशिरा." आणि शर्टाच्या बाहीने तोंड पुसत बाहेर फोटोवाल्या खोलीत गेले. तिथे गिऱ्हाईक कुणी नव्हतं.

चतुर्थीला तो आला. बायकोमुलांसकट आला. जागेचा विषय निघाला नसेल असं नाही, आमच्याकडे तो निघाल्याशिवाय राहत नाही. पण गाऱ्हाण्याच्या वेळी भाईंनी कॅमेरा माझ्या हातात दिला. "ह्या वर्सा तू धर. आणि तोंड बंद ठेव, माईक जवळ आसा." आणि जाऊन मागच्या रांगेत भावाशेजारी उभे राहिले. हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना, म्हणून शेवटी मागे बांधले.

ते चित्रण मी कापलं. खरं म्हणजे कापलं नाहीच. भाई शेजारी बसून होते आणि प्रत्येक कडेला म्हणत होते, "रवांदे." मग आम्ही दोघं ते आयेकडे घेऊन गेलो. धाकटा अजून घरीच होता, पडवीत पोरांना पतंग करून देत होता.

आयेने डोळे मिटले. पहिलं मागणं झालं. सगळे म्हणाले, "व्हय महाराजा!" मग मागून तो उशिराचा आवाज आला आणि आये हसली. पण त्या आवाजाबरोबर दुसरा एक आवाज होता. जाडा, थोडा बावचळलेला, सवय नसलेला. आयेने मान तिरकी केली. दुसऱ्या मागण्याला पुन्हा ऐकला.

"ह्यो दुसरो कोण गो?" तिने मला विचारलं.

मी भाईंकडे बघितलं. ते नेहमीच्या जागी, स्वयंपाकघराच्या दारात, अर्धे आत अर्धे बाहेर उभे होते.

"मी गो, आये," ते म्हणाले.

आयेने डोळे उघडले. टीव्हीवर गाऱ्हाणं चालूच होतं.

"तू खंय होतंस रे इतकी वर्सां?"

"हंयच होतंय. दाराआड."

"मगे बस हंय," आये म्हणाली आणि पाटावर थोडी सरकली.